चौदा जणी आणि कॅलेंडरवरचे खाडे : अमळनेरच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या बायकांच्या व्यायामाच्या वर्गासाठी धर्मशाळेची मागची खोली आजपासून मिळाली. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दीड तास. आज जागतिक कर्करोग दिन आहे हे फळ्यावर तारीख लिहिताना लक्षात आलं.

यादीत चौदा जणी होत्या, आल्या नऊ. सगळ्यांचं ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) उरकून सहा महिने तरी झालेले. कुणी मुंबईला टाटाला जाऊन आली, कुणी नाशकात, कुणी जळगावात. सगळ्यात लहान ३८ वर्षांची, सगळ्यात मोठी ६६. अमळनेरच्या सात, बाकीच्या पारोळा, धरणगाव, चोपडा आणि आसपासच्या खेड्यांतून येणार.

आज मी काही शिकवलं नाही. "घरी सोडताना तुम्हाला काय सांगितलं होतं?" एवढंच विचारलं. उत्तरं जवळजवळ एकाच साच्यातली: त्या बाजूच्या हाताने उचलू नका, ओढू नका, जपा. पारोळ्याच्या आक्कांनी तीन वर्षांपूर्वीचा कागद घडी करून पाकिटात जपून ठेवलाय. त्यावर कुणीतरी पेनाने लिहिलंय, "हात वापरू नये." किती दिवस ते लिहिलेलं नाही. आक्कांनी तीन वर्षं पाळलं. त्यांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. वेणी सून घालते, आणि सुनेला कामावर लवकर जायचं असलं की त्या दिवशी केस तसेच राहतात.

कागद लिहिणाऱ्याला आक्कांची काळजीच होती, यात मला शंका नाही. पण त्या कागदावर एक ओळ कमी पडली आणि एका बाईचा खांदा गेला. हा प्रकल्प त्या राहून गेलेल्या ओळीसाठी आहे.

११ फेब्रुवारी

आज मोजमाप. तेरा जणी आल्या.

दोन्ही हातांचे घेर तीन ठिकाणी घेतले: मनगट, कोपराखाली १० सेंमी, कोपराच्या वर १० सेंमी. दोन हातांत २ सेंमी किंवा जास्त फरक असला की सूज धरायची असा एक साधा ठोकताळा आहे. पण कामाचा हात मुळातच थोडा भरीव असतो, म्हणून पुढच्या वेळी मी प्रत्येकीचा आकडा तिच्याच आजच्या आकड्याशी ताडून बघणार. तिघींना सूज आहे. त्यातल्या एकीला ते माहीतच नव्हतं. डाव्या हातात बांगड्या चढेनात म्हणून तिने दोन कमी केल्या होत्या आणि आपण जाड झालो असं धरून चालली होती. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी वाहून नेणाऱ्या वाटा कमी होतात, आणि सूज महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा येते. हे तिला आजवर कुणी समजावलं नव्हतं.

मग धर्मशाळेच्या लांब ओसरीत सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ते पाहिलं. आणि खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा हात न टेकता उठता येतं तेही. धरणगावच्या मावशी चार वेळा उठल्या आणि बसून राहिल्या. म्हणाल्या, "गुडघे गंजले." मावशींना लेट्रोझोल, म्हणजे कर्करोग परतू नये म्हणून द्यायची हार्मोन दाबणारी गोळी, चालू आहे. या गोळ्यांनी सांधे आखडतात, विशेषतः सकाळी, आणि हाडंही विरळ होतात. गोळी सोडायची नाही. सांधे हलते ठेवले की दुखणं कमी होतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. मावशींना एवढंच ऐकायचं होतं की हे म्हातारपण नाही.

फायलीतून प्रत्येकीची चार गोष्टींची नोंद केली. ॲड्रियामायसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही हृदयाला त्रास देऊ शकणारी कर्करोगाची औषधं घेतली असतील तर हृदयाचा इको (सोनोग्राफी) कधीचा आहे. टॅक्सेन गटातलं, बधिरपणा आणू शकणारं केमोचं औषध घेतलं असेल तर तळपाय बधिर आहेत का. आजार हाडांत गेलेला आहे का. आणि पाठीत, कमरेत, मांडीत नवं, रात्री झोपू न देणारं दुखणं आहे का. शेवटच्या दोन्हींपैकी काही असलं तर आधी कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलणं, मग व्यायाम. दोघींना इको करून घ्यायला सांगितलं.

२५ फेब्रुवारी

पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या आणल्या. एक बाटली म्हणजे साधारण अर्धा किलो. ती मी पुढे केली तर सहा जणींनी हात मागे घेतले.

मी त्यांना २००९ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. कॅथरिन श्मिट्झ नावाच्या संशोधिकेने हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, हाताला घट्ट बसणारी दाबाची बाही घालून, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, आणि वाढ फार सावकाश. दुसऱ्या गटाने उचलली नाहीत. वर्षाअखेर सूज वाढलेल्यांचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखं होतं, उचलणाऱ्यांत ११ टक्के आणि न उचलणाऱ्यांत १२. पण सूज एकदम उसळण्याचा त्रास उचलणाऱ्यांत १४ टक्क्यांना झाला आणि न उचलणाऱ्यांत २९ टक्क्यांना. म्हणजे जपून ठेवलेल्या हातालाच त्रास जास्त झाला.

टक्के कुणाच्या फारसे ध्यानात राहिले नसतील. चोपड्याच्या मॅडम, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांनी ते आपल्या शब्दांत मांडलं: "सहा महिने गोठ्यात उभ्या ठेवलेल्या बैलाला एकदम नांगराला जुंपलं तर तो बसणारच. रोज थोडं चालवलेला बसत नाही." यापुढे मी हेच उदाहरण देणार आहे.

नियम ठरले. बाटली आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हात जड लागला, बोटं कोंदल्यासारखी वाटली, तर पुढच्या वेळी मागची पायरी. दोन-तीन वेळा काही झालं नाही तरच पुढची. सूज असलेल्या तिघींनी बाही घालूनच करायचं. आक्कांचा व्यायाम वेगळा: भिंतीवर बोटांनी चढायचं, आणि जिथवर बोट पोचलं तिथे खडूने रेघ मारायची.

८ मार्च

एका कार्यक्रमात आमच्या बायकांचा सत्कार झाला. तीन भाषणं, गुलाबाची फुलं, दोन तास खुर्चीवर. व्यायाम राहिला.

१८ मार्च

पाच जणी खोलीत येतात, पण बाहेर चालायला येत नाहीत. मला वाटलं लाज, मला वाटलं घरचे. आज शिलाईवाल्या ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, ब्लाउज."

स्तन काढला की एका बाजूला भार राहतो आणि दुसरी बाजू रिकामी. रुमाल, ओढणीचा तुकडा, जुनी बनियन कोंबून बायका दिवस काढतात. स्वयंपाकघरात ते निभतं. जरा भरभर चाललं की गोळा वर सरकतो, गळ्याशी येतो, आणि भर रस्त्यात पदराआडून सावरावा लागतो. एकीचा भाजीबाजारात खाली पडला होता. तेव्हापासून ती बाजारात गेली नव्हती, आणि हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. शास्त्रोक्त सिलिकॉनचा मिळतो, पण त्याची किंमत आमच्यातल्या बहुतेकींच्या आवाक्याबाहेरची, आणि इथल्या उन्हाळ्यात त्याखाली घामोळं उठतं.

शिलाईवाल्या ताई या चौदा जणींतल्याच. त्यांनी मऊ सुती कापडाची पिशवी शिवली, आत कापूस आणि वजन यावं म्हणून थोडी बाजरी. ब्लाउजला आतून खिसा, म्हणजे सरकायला नको. दुसरी बाजू तागडीवर अंदाजाने तोलली. पहिला नमुना त्यांनी स्वतः घातला आणि धर्मशाळेच्या अंगणात दहा फेऱ्या मारून दाखवल्या.

सहा आठवडे मी जिद्द, सवय, प्रेरणा यांवर बोलत होते आणि अडचण चार बोटं कापडाची होती. मी विचारायला हवं होतं. माझ्या अर्जात 'अडथळे' असा रकाना आहे, त्यात वेळ, थकवा, दुखणं, भीती, हवामान असे पर्याय छापलेत. कपडा त्यात नाही. आज हाताने लिहून घातला.

८ एप्रिल

ऊन चढलं. पारा ४० च्या पुढे गेलाय आणि मे अजून यायचाय. सकाळी साडेपाचला निघायचं ठरलं, सव्वासहाला परत. बोरी नदीच्या काठाने.

दोन अडचणी. पहिली, कुत्री. त्यावर उपाय म्हणजे चौघींत एक काठी आणि एकटीने न निघणं. दुसरी, पाय. केमोनंतर ज्यांचे तळपाय बधिर आहेत त्यांना खडा टोचलेला कळत नाही, तापलेल्या डांबराचा चटकाही उशिरा कळतो. केळीवाल्या काकूंच्या टाचेला फोड आला होता, तो त्यांनी आंघोळ करताना पाहिला. स्लिपर बंद. मागे पट्टा असलेली सँडल किंवा कापडी बूट. घरी आल्यावर पाटावर बसून दोन्ही तळवे आरशात बघायचे. हे देवपूजेइतकं नेमाने व्हायला हवं, असं मी सांगितलं आणि तसं होतंय.

किती जोरात चालायचं याचं माप सगळ्यांना जमलं: शेजारणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता येत असेल तर चाल वाढवा. बोलताही येत नसेल तर थांबा.

३० एप्रिल, आखाजी

आज आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची सुट्टी, पण नोंद करावीशी वाटते. आखाजीला घरोघरी पुरणाचे मांडे आणि आमरस. मांडा पोळपाटावर होत नाही. दोन्ही हातांवर, थेट कोपरापर्यंत, झेलून झेलून मोठा करायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा. खांदा, कोपर, मनगट, सगळं लागतं, आणि खाली चुलीची धग.

आक्कांनी ऑपरेशननंतर मांडा केला नव्हता. गेल्या मंगळवारी भिंतीवरची त्यांची रेघ कपाळाच्या वर गेली. त्यांनी विचारलं, करू का? सूज असलेल्या हाताला धग चांगली नाही हे मला माहीत आहे, आणि आक्कांना सूज नाही हेही. पहाटे, ऊन व्हायच्या आधी, पाचच मांडे, मधे मधे हात वर धरून विसावा, आणि खापरावर सुनेने टाकायचे, असं ठरलं. दुपारी सुनेचा फोन आला. पाच म्हणाल्या होत्या, सात केले. संध्याकाळी जाऊन हात मोजला. तिन्ही घेर फेब्रुवारीइतकेच.

मला वाटीभर आमरस आणि एक मांडा मिळाला. कडा जरा जाड होती.

१० मे

बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरलीय. आमची चालायची वाट पाळण्यांनी आणि दुकानांनी भरली. बायकांनीच ठरवलं की यात्रेतूनच चालायचं, दुकानं उघडायच्या आधी. आठ दिवस सगळ्यात चांगली हजेरी.

१० जून

दोन गोष्टी.

या महिन्याच्या सुरुवातीला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याचा कर्करोग, केमो पूर्ण झालेले ८८९ रुग्ण. अर्ध्यांना निरोगी जगण्याची पुस्तिका दिली. अर्ध्यांना पुस्तिकेबरोबर तीन वर्षं सोबत करणारा मार्गदर्शक दिला, जो भेटत राहिला, विचारत राहिला, व्यायाम बसवून देत राहिला. पाच वर्षांनी आजार न उलटता राहिलेले पुस्तिकावाल्या गटात ७३.९ टक्के, माणूस दिलेल्या गटात ८०.३ टक्के. आजार वेगळा आहे, म्हणून हा आकडा मी आमच्या बायकांना त्यांचा म्हणून सांगणार नाही. पण मी फेब्रुवारीत छापून घेतलेल्या दोनशे पुस्तिका आज कपाटात वर ठेवल्या. त्या पैशात दोघींच्या बसभाड्याची वर्षाची सोय झाली असती.

दुसरी गोष्ट. पेरण्यांची घाई सुरू झाली आणि आमच्यातली शेतमजूर वहिनी यायची थांबली. मी खेड्यावर गेले. ती निंदणीवरून आली होती. म्हणाली, "ताई, दिवसभर वावरमा राबस. आखो चालू कसाले?" दिवसभर शेतात राबते, आणखी चालू कशाला?

तिचं खरं आहे. चालण्याची मिनिटं मोजायला लागले तर तिची दोन दिवसांतच आठवड्याची भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला, कर्करोगातून बाहेर आलेल्यांसाठीसुद्धा. तो सल्ला बसून राहणाऱ्या माणसाला फार मोलाचा आहे. वहिनी बसून राहत नाही. ती वाकून राहते, सात-आठ तास, एकाच बाजूने, आणि शेकामुळे आखडलेली छाती आणखी आखडते. तिला जास्त हालचाल नको, वेगळी हालचाल हवी. मी तिला चौदा जणींच्या एका तक्त्यात बसवलं होतं ही माझी चूक.

बांधावर बसून नवं ठरवलं. न्याहारीच्या सुट्टीत बाभळीच्या फांदीला दोन्ही हातांनी धरून छाती उघडायची, पाच श्वास. खांदे मागे फिरवायचे. पाठीचे दोन प्रकार, रात्री अंथरुणावर. दुपारी वीस मिनिटं आडवं व्हायचं आणि हात उशीवर उंच. शेवटचं सगळ्यात अवघड निघालं. मुकादमाशी बोलावं लागलं. त्याने ऐकलं.

२४ जून

धरणगावच्या मावशींबरोबर चालणाऱ्या ताईंची डावी पोटरी दुखत होती. "काल जास्त चालणं झालं" म्हणून तेल लावून चोळत होत्या. मी पाहिलं तर एकच पोटरी, सुजलेली, गरम, तट्ट. त्यांना टॅमॉक्सिफेन, म्हणजे कर्करोग परतू नये म्हणून द्यायची दुसरी एक हार्मोनवरची गोळी, चालू आहे. या गोळीने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. चोळणं थांबवलं, रिक्षाने थेट दवाखान्यात. सोनोग्राफीत गुठळी निघाली. औषध सुरू झालं, वेळेत.

रात्री झोप लागली नाही. मी चार महिने या बायकांना शिकवतेय की थोडं दुखलं तर घाबरू नका. त्या घाबरल्या नाहीत. आजपासून खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात: एकाच पायाची पोटरी सुजली, छातीत दुखलं, एकदम दम लागला, हात लाल आणि गरम झाला, हाडात नवं दुखणं रात्री जागवतंय, तर व्यायाम नाही, चोळणं नाही, आधी डॉक्टर. वाचता न येणाऱ्या तिघींना ते पाठ करून म्हणायला लावलं.

५ ऑगस्ट

रविवारी घरोघरी कानुबाई, आमच्या खान्देशातली देवी, बसली, काल विसर्जन झालं. रोटांचं दळण, पूजा, रात्रभर जागरण, मिरवणुकीत नाच. आज खोलीत सगळ्या डोळे चोळत. हिशेब केला तर दोन दिवसांत कुणीही चार-पाच तासांखाली उभी नव्हती. तो त्यांच्या तक्त्यात भरला.

केळीवाल्या काकू मिरवणुकीत नाचल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. खिशाचा ब्लाउज घालून.

९ सप्टेंबर

खरी परिस्थिती लिहायलाच हवी. पावसात चौदातल्या सहाच जणी टिकल्यात. काळ्या मातीचा चिखल चपलेला धरतो, बधिर पायांना घसरायची भीती. घरात गौरी-गणपती. एकीच्या घरी बाळंतपण. एकीला थकवा, तो मनाचाही असावा. दर वर्षी तपासणीला मुंबईला जायची तारीख जवळ आली की तिचं जेवण तुटतं.

सुरू करणं सोपं होतं. नवी खोली, नवी माणसं, मोजणारी ताई. सातव्या महिन्यात नवं काहीच उरत नाही, आणि प्रकल्पाचं काम मुळात इथून सुरू होतं.

आमच्या घरी दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायचा. दूध आलं नाही त्या तारखेवर आई फुली मारायची, त्याला खाडा म्हणायचे. खाडा झाला म्हणून कुणी दूधवाला बदलत नसे. दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा बाहेर ठेवलेलं असायचं. आज सगळ्यांना एकेक कॅलेंडर दिलं. चाललेल्या दिवसाला काही करायचं नाही. फक्त खाडा मांडायचा, आणि शेजारी एका शब्दात कारण. पाऊस. पाहुणे. नको वाटलं. 'नको वाटलं' हेही कारण आहे, ते लिहायला लाजायचं नाही.

सोबत जोड्या लावल्या, वयाने नाही, गल्लीने आणि गावाने. लागोपाठ दोन खाडे झाले की जोडीदारणीने तिसऱ्या दिवशी घरी जायचं. का आली नाहीस हे विचारायचं नाही. चहा प्यायचा आणि अंगणात पाच मिनिटं दोघींनी मिळून फिरायचं. पाचच. चिखल असेल तर ओसरीत, खुर्ची धरून उठबस दहा वेळा.

पावसात एक भलतंच झालं. शिलाईवाल्या ताईंच्या पिशव्यांतल्या बाजरीत किडे झाले. सगळ्या उसवून बाजरी काढली, माळेचे गुळगुळीत काचमणी भरले. आता धुताही येतात.

१४ ऑक्टोबर

खाड्यांची कॅलेंडरं गोळा करून पाहिली. नियमित चालणाऱ्या अकरा. जोड्यांचा उपयोग होतोय. सप्टेंबरमध्ये लागोपाठ दोन खाडे नऊ वेळा झाले, त्यातल्या सात वेळा तिसरा किंवा चौथा दिवस भरला. कारणांत सगळ्यात जास्त वेळा 'पाणी'. नळाला पाणी येतं त्या सकाळी कुणी घर सोडत नाही. त्या दिवशी संध्याकाळची वेळ ठेवली. एवढं साधं, आणि आठ महिने मला दिसलं नव्हतं.

कापूस वेचणी सुरू. पिकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, वेचणारीच्या बोटांना ओरखडे ठरलेले. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला त्या ओरखड्यातून जंतू गेले की हात एका रात्रीत लाल होऊन फुगतो, ताप चढतो. वहिनीला हेच झालं. पण तिने भिंतीवरची पाटी पाठ केली होती. सकाळी सात वाजता ती तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत होती. पाच दिवस गोळ्या, हात उंच, आठवडाभर वजनाचा व्यायाम बंद. हात जवळपास पहिल्यासारखा झालाय. मोजला तर कोपराखाली अर्धा सेंमी अजून जास्त आहे, लक्ष ठेवायचं. वेचणी ती सोडू शकत नाही, घर त्यावर चालतं. शिलाईवाल्या ताईंनी तिला जुन्या जीन्सचे हातमोजे शिवून दिले, बोटांची टोकं तेवढी उघडी. त्यावर खोबरेल आणि घरी आल्यावर साबणाने हात धुणं.

११ नोव्हेंबर

चोपड्याच्या मॅडमचा आजार उलटला. खुब्याच्या हाडात.

त्या सगळ्यात नियमित. त्यांच्या कॅलेंडरवर दोन महिन्यांत तीन खाडे. बातमी कळली त्या आठवड्यात चार जणी आल्या नाहीत. एकीने फोनवर विचारलं, "मॅडम एवढ्या चालल्या, तरी परत आला. मग आपण कशाला?"

हे विचारलं जाणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी काय काय म्हणाले होते ते आठवून पाहिलं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या पाहणीत, २००५ साली, २,९८७ स्त्रियांमध्ये आठवड्याला तीन ते पाच तास चालणाऱ्यांचं जगणं जास्त दिसलं, हे मी सांगितलं होतं. ती पाहणी आहे. चालण्यानेच ते झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, हे सांगितलं होतं का? सांगितलं होतं, पण घाईत, शेवटी. आज आधी तेच सांगितलं. चालणं म्हणजे कवच नाही. ज्याची खात्री आहे ते एवढं: थकवा कमी होतो, अंगात ताकद येते, खांदा उघडतो, काळजीचा भार थोडा हलतो, आजचा दिवस स्वतःच्या हाताने पार पडतो. याच्या पलीकडचं वचन मी देणार नाही.

मग सगळ्या मिळून मॅडमकडे गेलो. मॅडमनीच विचारलं, "मी आता बंद करायचं का?" त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरलंय: खुब्यावर भार येईल, पीळ पडेल किंवा पडण्याचा धोका असेल असं काही करायचं नाही, खाली वाकून उचलायचं नाही. खुर्चीवर बसून हातांचे आणि पायांचे व्यायाम, आणि काठी घेऊन सपाट अंगणात थोडं थोडं. शेक झाल्यावर पुन्हा बघायचं.

निघताना आक्का मागे राहिल्या. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मॅडमचा हात धरला आणि म्हणाल्या, "तू चाल, मी शे." मी आहे. मॅडम उठल्या, तुळशीपर्यंत गेल्या, परत आल्या.

शुक्रवारचा वर्ग आता चोपड्याला, मॅडमच्या अंगणात. अमळनेरहून जाणाऱ्यांच्या बसभाड्याची सोय करायची.

१६ डिसेंबर

जानेवारीपासून मला आठवड्यातून एकदाच येता येईल. टेप शिलाईवाल्या ताईंकडे देतेय. घेर मोजायला त्या माझ्यापेक्षा पक्क्या आहेत. टेप किती ओढायचा, किती सैल धरायचा हे त्यांच्या बोटांना तीस वर्षांपासून माहीत आहे. आज दोघींनी वेगवेगळं मोजून ताडून पाहिलं. बाराही हातांत फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत.

खुर्चीवरून उठणं: धरणगावच्या मावशी अर्ध्या मिनिटात अकरा वेळा. आक्कांची खडूची रेघ आता माझ्या हाताच्या वर जाते, त्या माझ्यापेक्षा उंच आहेत. वेणी स्वतः घालतात, जरा वाकडी येते. पोटरीवाल्या ताई औषध घेत पुन्हा चालू लागल्या आहेत. दोघी सोडून गेल्या. एकीने स्पष्ट सांगितलं की तिला आजाराची आठवण करून देणाऱ्या खोलीत यायचं नाही. ती घरी शेजारणींबरोबर चालते म्हणाली. ते चांगलंच आहे.

आज एक नवी आली, ४१ वर्षांची, शेक संपून सातच आठवडे झालेले. काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखी लागते, हात वर केला की ओढतं. तिला वाटलं टाका सुटला. ऑपरेशननंतर असे दोर बऱ्याच जणींना येतात आणि हळूहळू ताणत गेलं की सैल पडतात. आक्कांनी तिला भिंतीपाशी नेलं आणि पहिली रेघ मारून दिली.

करायचं राहिलेलं: नवीचा इको. वहिनीचा हात पुन्हा मोजणे. काचमणी अर्धा किलो. नवीला खिशाचा ब्लाउज. पुढच्या मंगळवारी खोली लग्नाला दिलीय, शिलाईवाल्या ताईंच्या ओट्यावर भरायचं. खुर्च्या सहा आहेत, चार शेजारच्यांकडून.